दम सोडायची रीत

आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. भेटायला येणारा जो तो पाणी पिऊन झालं की एकच विचारायचा, "बिडी ओढायचे का हो?" तिशीपर्यंत ओढली होती त्यांनी, पुढं पस्तीस वर्षं हात लावला नाही. पण हे सांगताना त्यांची मान खाली जायची. हळूहळू ते ओट्यावर बसेनासे झाले.

त्यांना बोलतं केलं ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या मुक्कामानं. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या पेशंटांना तिथं आसरा मिळतो. पाचोऱ्याहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं माफ आणि सोबत्याला 75 टक्के सवलत असते, हे आम्हाला तिथल्याच एका शेजाऱ्यानं सांगितलं. तिथंच भडगावचे एक जिभाऊ भेटले आणि जामनेरची एक आक्का. गावी परतल्यावर फोन सुरू राहिले. मग महिन्यातून एका रविवारी चार-पाच जण आमच्या ओट्यावर जमायला लागले. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, आमची पीजे, बंद पडलेली, म्हणून आक्का एसटीनं यायची.

आक्कानं जन्मात बिडी पाहिली ती नवऱ्याच्या हातात. तिची चूल मात्र वर्षानुवर्षं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पेटलेली. आधी कित्येक महिने तिला टीबीच्या गोळ्या दिल्या, खरं दुखणं नंतर कळलं. ती सरळ "माझा कॅन्सर" म्हणायची, आवाज न उतरवता. आमच्या घरात तोवर 'ते दुखणं' एवढंच म्हणत.

ओट्याला तीन पायऱ्या. दुसरीवरच आप्पांना धाप लागायची. पहिल्याच रविवारी जिभाऊंनी त्यांना तिथंच थांबवलं. "घ्यायची घाई करू नका, आधी सोडा." नाकानं दोन आकड्यांपर्यंत दम घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार आकड्यांपर्यंत सोडायचा. आप्पा फुर्रकन सोडून मोकळे झाले. आक्का म्हणाली, "गरम दाळ फुंकता ना, तसं. दाळ सांडली नाही पाहिजे." चौथ्या-पाचव्या वेळेला त्यांचे कानापर्यंत चढलेले खांदे खाली आले. हाच व्यायाम छापलेला कागद हॉस्पिटलातून मिळाला होता. तो आमच्या फाइलीत घडी न मोडता पडला होता.

एकदा एक तरुण आला, जनुकातल्या बदलावर चालणारी गोळी घेणारा. चेहरा पुरळानं भरलेला. गोळी आपल्याला मानवत नाही असं ठरवून त्यानं ती चार दिवस गुपचूप बंद ठेवली होती. घरी सांगितलं नव्हतं, इथं सांगितलं. जिभाऊंनी स्वतःच्या गालावरचे डाग दाखवले. "हा गोळीचाच त्रास. पण बंद करणारे आपण कोण? डॉक्टरांना फोन लाव." तिथंच लावायला लावला.

अशा गटानं आयुष्य वाढतं, असं मी कुणाला सांगत नाही. 1989 मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांना स्तनाच्या कॅन्सरच्या 86 बायकांमध्ये तसं दिसलं होतं. 2001 मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झालेल्या दिसल्या. मला तेवढं पुष्कळ वाटतं. फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेकांना उशिरा कळतो. बरं होऊन दुसऱ्याला धीर द्यायला मागं उरणारी माणसं थोडी, म्हणून असे गटही थोडे. जे आहेत त्यांनी आहेत तोवरच एकमेकांना धरायचं असतं.

पावसाळ्यात जिभाऊ गेले. त्या महिन्यात कुणी येणार नाही असं मी धरून चाललो होतो. चारच्या सुमाराला आक्का आली, सोबत वरखेडीचा एक नवा माणूस घेऊन. दुसऱ्या पायरीवर त्यानं भिंतीला हात टेकला आणि न विचारताच सुरुवात केली, "मी बिडी..."

आप्पा उठून पायरीपर्यंत गेले. "ते राहू द्या. आधी सोडा," म्हणाले, आणि ओठ गोल करून दाखवले.