घरचे ध्वनिमुद्रण, लेखांक ७ : खोक्यावरचा आकडा आणि खोलीतले गाणे

मागील लेखांकात मायक्रोफोनचे प्रकार आणि त्यांची दिशाग्राहकता यांचा विचार झाला. त्या मायक्रोफोनने पकडलेला आवाज ज्या यंत्रात साठतो त्याची, म्हणजे पिशवीत घालून नेता येणाऱ्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरची, निवड हा या लेखांकाचा विषय आहे. ट्रॅक म्हणजे इतर आवाजांपासून वेगळी मुद्रित झालेली आणि नंतरही वेगळीच राहणारी ध्वनीची पट्टी. गाणे एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर आणि तबला तिसऱ्यावर असेल, तर पेटी वरचढ झाली म्हणून अभंग पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागत नाही. पेटीची पट्टी तेवढी खाली आणली की भागते. मोबाइलवरच्या नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे आवाज एकदाच एकत्र मिसळतात आणि ते पुन्हा सुटे करणे अवघड असते.

ही सोय भारतीय ध्वनिमुद्रणाच्या आरंभी अर्थातच नव्हती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’साठी चित्र आणि ध्वनी एकाच वेळी मुद्रित होत असल्यामुळे वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करावी लागे, आणि पुढच्याच वर्षी प्रभातने कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत ही दोन्ही कामे करणाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्यापुढेही गाणे आणि अभिनय एकाच दमात साधण्यावाचून पर्याय नव्हता. न्यू थिएटर्सच्या १९३५ सालच्या ‘धूप छाँव’पासून हिंदी चित्रपटात पार्श्वगायन आले आणि चित्र व गाणे यांची फारकत झाली, परंतु एकाच गाण्यातील आवाजांची एकमेकांपासून फारकत व्हायला आणखी काळ जावा लागला. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉल यांनी आधी वाजवलेले ऐकत त्यावर नवे वादन चढवण्याचे, म्हणजे ओव्हरडबिंगचे, तंत्र विकसित केले आणि १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्यांच्यासाठी आठ ट्रॅकचे टेपयंत्र तयार करून दिले. ते यंत्र घरातल्या टेबलावर ठेवण्याजोगे मात्र नव्हते.

टेबलावर मावणारे यंत्र आणले ते टास्कॅमने, १९७९ मध्ये. पोर्टास्टुडिओ १४४ या यंत्रात साधी कॅसेटच चालत असे, पण युक्ती वेगळी होती : नेहमीच्या कॅसेटच्या दोन बाजूंवर मिळून ज्या चार पट्ट्या असतात त्या चारही या यंत्राने एकाच दिशेने वापरल्या आणि आवाजाचा दर्जा राखण्यासाठी फीत दुप्पट वेगाने पळवली, त्यामुळे साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांतच संपत असे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये याच यंत्रावर राहत्या घरी केलेली कच्ची मुद्रणे त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने जशीच्या तशी प्रसिद्ध झाली, आणि घरच्या मुद्रणाला प्रतिष्ठा मिळाली. या कथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही आणि आजच्या ग्राहकाला नेमका तोच उपयोगी आहे : पोर्टास्टुडिओ १४४ वर ट्रॅक चार असले, तरी एका वेळी मुद्रित होत ते दोनच. उरलेले दोन नंतर भरायचे.

खोक्यावर छापलेला मोठा आकडा असाच फसवा असतो. टास्कॅमच्या डीपी-००८ईएक्सवर आठ ट्रॅक असतात, पण एका वेळी मुद्रित होतात दोन. झूमच्या आर१२चीही गोष्ट हीच. टास्कॅमचेच डीपी-२४एसडी आणि डीपी-३२एसडी अनुक्रमे चोवीस आणि बत्तीस ट्रॅकची यंत्रे म्हणून ओळखली जातात; एका वेळी दोघांनाही आठच आवाज घेता येतात. याउलट झूमचा एच६ मुठीत मावतो, त्याच्या नावात फक्त सहाचा आकडा आहे, पण ते सहा आवाज तो एकाच वेळी वेगवेगळे घेतो. एका वेळी किती आवाज आत जातात आणि एकूण किती पट्ट्या साठवून परत ऐकता येतात, हे दोन आकडे वेगळे आहेत, आणि मराठी घरातील संगीतासाठी यांतला पहिला अधिक मोलाचा आहे, असे या लेखमालेचे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण संगीताच्या स्वभावात आहे. एकेक वाद्य स्वतंत्रपणे चढवत जाण्याची पद्धत ज्या संगीतातून आली त्यात लय आधी ठरते आणि शेवटपर्यंत तीच राहते. ठोके मोजणाऱ्या यंत्राच्या तालावर चौघांनी चार निरनिराळ्या दिवशी वाजवले तरी बिघडत नाही. अभंग, नाट्यपद, ठुमरी, हरिपाठ यांचे तसे नाही. गायक एखादी जागा लांबवतो तेव्हा तबलजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हात आवरता घेतो, पेटीवाला सुरावट अर्ध्या मात्रेने मागून उचलतो, ध्रुपदावर परतताना लग्गी लागते आणि लय किंचित चढते. ही देवाणघेवाण सगळे एकाच खोलीत बसले तरच होते. तबला आज भरून गाणे पुढच्या रविवारी चढवले, तर तबला गायकामागे जात नाही, गायकालाच तबल्यामागे जावे लागते, आणि ऐकणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी गाणे बसलेले नाही हे कळतेच.

तेव्हा हिशेब यंत्रावरून करू नये, बैठकीवरून करावा. पुण्यातल्या खराडीतील एखाद्या सोसायटीच्या दिवाणखान्यात गायिका, पेटी, तबला आणि टाळ असे चौघे बसले आहेत असे धरले, तर गळ्यासाठी एक मायक्रोफोन, पेटीसाठी एक आणि तबल्यासाठी दोन लागतात, कारण डग्ग्याचा घुमारा आणि तबल्याच्या चाटेची टोकदार किनार एकाच मायक्रोफोनने नीट पकडली जात नाही. टाळाला मायक्रोफोन देऊच नये. तो सर्वांच्या मायक्रोफोनमध्ये आपसूक शिरतो, किंबहुना टाळकऱ्याला दाराशी बसवणे हेच त्याचे मिक्सिंग. म्हणजे चार इनपुट ही घरगुती बैठकीची खरी गरज ठरते. एच६ची नवी आवृत्ती असलेला एच६ एसेन्शियल किंवा टास्कॅमचा पोर्टाकॅप्चर एक्स८ या दोहोंवर मायक्रोफोनची केबल जोडण्याची अशी चार तोंडे आहेत. पखवाज, दोन पेट्या आणि कोरस असलेल्या भजनी मंडळाला मात्र आठ इनपुटच्या यंत्राकडे वळावे लागेल, आणि तिथे पिशवीत मावणे हा गुण बहुधा सोडून द्यावा लागतो. डीपी-२४एसडी तर अॅडॉप्टरवाचून चालतच नाही.

एकत्र वाजवण्याची किंमतही आहे. गायिकेचा आवाज तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये आणि पेटीचा गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये थोडाफार जातोच; या गळतीमुळे चुकलेला एखादा सूर नंतर एकट्याने दुरुस्त करता येत नाही, कारण तो चुकीचा सूर शेजारच्या पट्टीवरही बसलेला असतो. गळती आटोक्यात ठेवण्याचा जुना संकेत असा की मायक्रोफोन आपल्या वाद्यापासून एक वीत असेल तर शेजारच्या मायक्रोफोनपासून निदान तीन विती असावा. तेवढे पाळले तर आवाजाचे तोल मागाहून साधण्याइतकी मोकळीक उरते. दोन इनपुटची दोन स्वस्त यंत्रे एकाच वेळी चालवून चार ट्रॅक मिळवण्याची कल्पना अनेकांना सुचते; ती टाळावी. प्रत्येक यंत्राचे अंतर्गत घड्याळ सूक्ष्म फरकाने चालते. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही मुद्रणे जुळवून घेतली, तरी तासाभराच्या बैठकीच्या अखेरीस तबला आणि गळा यांच्यात जाणवण्याइतके अंतर पडू शकते.

एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याला दोन इनपुट पुरतात आणि साठवणीचे ट्रॅक जास्त लागतात, त्यामुळे डीपी-००८ईएक्स किंवा आर१२ हीच यंत्रे त्याच्या कामाची. झूमचा आर४ चारच ट्रॅकचा असला तरी भरलेल्या पट्ट्या एकत्र करून एका निराळ्या पट्टीवर उतरवण्याची आणि मूळ ट्रॅक पुन्हा मोकळे करण्याची सोय त्यात आहे. कॅसेटच्या काळात अशा प्रत्येक उतरवणीबरोबर खरखर वाढत असे, डिजिटल यंत्रात ती वाढत नाही. येथे क्रम महत्त्वाचा : आधी तंबोरा, मग ठेका, मग पेटी, शेवटी गळा. यंत्रातील मेट्रोनोम फक्त ठोके मोजतो. त्याला रूपकाच्या सात मात्रा मोजायला लावल्या तरी खाली आणि भरी यांतला भेद तो दाखवू शकत नाही, म्हणून मोबाइलवरील तबल्याच्या अॅपमधून हवा तो ठेका स्वतंत्र ट्रॅकवर भरून घ्यावा आणि खरा तबला मिळाल्यावर तो ट्रॅक बंद करावा. जुनी पेटी प्रमाणित स्वरापेक्षा थोडी चढी किंवा उतरी असेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा पेटीशी जुळवावा. पेटीचे सूर घरच्या घरी हलवता येत नाहीत.

आता जागेचा विचार. खराडीच्या वायव्येस हवाई दल आणि प्रवासी विमाने दोघेही वापरतात तो लोहगावचा विमानतळ आहे, एका अंगाला नगर रस्ता, आणि नव्या इमारतींच्या तळघरांसाठी काळा कातळ फोडणारे ब्रेकर कुठे ना कुठे चालूच असतात. अशा ठिकाणी यंत्राच्या किमतीपेक्षा मायक्रोफोनचे अंतर अधिक काम करते : मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की वाद्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे मायक्रोफोन ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला तर वाद्य १२ डेसिबलने पुढे येते आणि विमान होते तिथेच राहते. खोलीत हा लाभ थोडा कमी होतो, पण होतोच. विमानाची उरलेली घरघर कापण्यासाठी बहुतेक यंत्रांत लो-कट, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येखालचे आवाज गाळणारी चाळणी, असते. ती गळा आणि पेटी यांच्या ट्रॅकवर निःशंकपणे लावावी, डग्ग्याच्या ट्रॅकवर लावू नये, कारण त्याचा घुमारा त्याच पट्ट्यात राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा खरा फायदाही इथेच दिसतो. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, अर्थिंग नीट नसलेला सॉकेट, इन्व्हर्टरची किरकिर, या सगळ्यांपासून ते एका झटक्यात सुटते. अर्थात कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर सुरू केली की बॅटरी भराभर उतरते, आणि काही यंत्रांत ती सर्व इनपुटना मिळतही नाही. माहितीपत्रकातील ही बारीक ओळ आधी वाचावी.

गेल्या काही वर्षांत ३२-बिट फ्लोट हा शब्दप्रयोग जाहिरातींतून फार दिसतो. १६-बिट मुद्रणात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल आणि २४-बिटमध्ये तात्त्विकदृष्ट्या १४४ डेसिबल मावते, आणि वरची मर्यादा ओलांडली की आवाज कायमचा फाटतो. ३२-बिट फ्लोटमध्ये आकडा आणि त्याचा घातांक दोन्ही साठवले जात असल्याने ही मर्यादा व्यवहारात उरत नाही. नाजूक ठेक्यानंतर अचानक कडाडणाऱ्या तिहाईसाठी, किंवा जो स्वतः गातो आणि त्याच वेळी यंत्राकडेही पाहतो त्याच्यासाठी, ही सोय खरोखर मोलाची आहे. एच६ एसेन्शियल, पोर्टाकॅप्चर एक्स८ आणि आर४ यांत ती मिळते. मात्र मायक्रोफोनच तिहाईने गुदमरला तर यंत्र काही करू शकत नाही. साठवणीची काळजी फारशी नको : ४८ किलोहर्ट्झ, २४-बिटवर चार ट्रॅकचा तासाभराचा ऐवज सुमारे २ जीबी होतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पंधरा तास बसतात. एखादे यंत्र १६-बिटवरच थांबत असले, तरी सीडीसुद्धा १६-बिटचीच असते हे विसरू नये.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलणारी डबी, एवढ्यात हेच काम अधिक लवचीकपणे होते, हा आक्षेप रास्त आहे. संपादनासाठी संगणकाला तोड नाही. पण दिवसभर खराडीतल्या इऑन आयटी पार्कच्या इमारतीत स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला संध्याकाळी गाण्यासाठी पुन्हा स्क्रीनसमोरच बसायला सांगणे हा काही संगीताचा प्रसार नव्हे. शिवाय लॅपटॉपचा पंखा शांत आलापात ऐकू येतो. रेकॉर्डरवर मुद्रण आणि संगणकावर मिक्सिंग ही वाटणी बहुतेकांना मानवते.

खरेदीपूर्वी यंत्र हाताळायला मिळाले तर आपला मायक्रोफोन आणि कान झाकणारा हेडफोन बरोबर न्यावा. मायक्रोफोन जोडून, कोणीही न बोलता, गेन म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची वाढ हळूहळू चढवत जावी. तंबोऱ्याइतका हळू आवाज नीट घेण्याइतपत गेन चढल्यावर पाण्याच्या नळासारखी सळसळ येऊ लागली, तर त्या यंत्राचा प्राथमिक वर्धक दुबळा आहे असे समजावे. नंतर एक मिनिटाचे मुद्रण करून कार्ड काढावे आणि प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल संगणकावर थेट दिसते की यंत्रातूनच ती निराळी काढून घ्यावी लागते, हे तपासावे, कारण काही यंत्रांत या कामाला मुद्रणाइतकाच वेळ जातो. केबल, एक्सएलआर पिन आणि जोडण्या यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली पुरेशी आहे. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांचे दोन संच तिथूनच घ्यावेत आणि यंत्राच्या मेन्यूत बॅटरीचा प्रकार बदलून ठेवावा, नाहीतर दर्शकावरचा आकडा चुकीचा दिसतो आणि यंत्र भैरवीच्या मध्येच बंद पडते.