विमान झेपेल का?

एरंडोलकरांना जळगावचं विमानतळ जवळ पडतं. त्यामुळे ‘आईला विमानाने नेऊ का?’ हा प्रश्न आता गावातल्या डॉक्टरांपुढे येतो. आकाशात केबिनमधला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. ऑक्सिजन कमी मिळतो, शरीरात अडकलेली हवा सुमारे ३० टक्के फुगते. फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाच्या हे जिवावर बेतू शकतं. सपाटीवर ५० मीटर चालून धाप लागते का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

बंगळुरूत हवाई दलाची १९५७ साली सुरू झालेली संस्था डॉक्टरांना हे शास्त्र शिकवते. त्याची तोंडओळख प्रत्येक एमबीबीएसला व्हायलाच हवी. तोवर दमा किंवा हृदयविकार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.