खोडव्याचीही निगा राखावी लागते

या खेपेस उसाविषयी नव्हे, ऊस पिकविणाऱ्याच्या मांड्यांविषयी लिहीत आहोत. हसू नका.

गेल्या पौषात रात्रपाळीची लाईट होती म्हणून आम्ही दारे धरायला गेलो. सरीत पाय घसरला आणि चिखलात बसलो. लागले काही नाही. पण उठता येईना! हात टेकावा तर चिखलात रुतायचा, ऊस धरावा तर मोडायचा. ऊस डोक्याच्या वर, हाक कोणाला ऐकू जाणार? फोन गाडीच्या डिकीत. शेवटी गुडघ्यांवर रांगत बांधापर्यंत आलो आणि लिंबाच्या बुंध्याला धरून उभे राहिलो. वय ६२. सारा जन्म रानात गेला आणि ही गत.

डॉक्टर म्हणाले, हाडे शाबूत आहेत, मांडीत जोर नाही. आम्हांला राग आला. शेतकऱ्याला कसला व्यायाम सांगता? पण घरी येऊन विचार केला. नांगरट ट्रॅक्टर करतो, तोडणी टोळी करते, रानात जाणे मोटारसायकलवर, मोटार चालू करायची तर मोबाईलवरून. आम्ही करतो काय? बांधावर उभे राहून बोट दाखवतो.

माणसाचे स्नायू तिशीनंतर हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर झीज वाढते. मात्र ती बरीचशी भरून काढता येते. अमेरिकेत बोस्टन येथील एका प्रयोगाची माहिती १९९० साली प्रसिद्ध झाली. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्याच्या अडीचपटीहून अधिक झाली. तिथे वजने होती. आपल्याला सुरुवातीला आपल्याच अंगाचे वजन पुष्कळ झाले.

आणि हे आपल्याकडे नवे थोडेच आहे? सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. त्यांचे नमस्कारावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. तालमीतले जोर-बैठका तर आपण पोरवयात काढलेलेच आहेत. पण खरे सांगायचे तर लग्न झाले की तालीम सुटते, ती सुटतेच. लागणीची जेवढी निगा राखतो तेवढी खोडव्याची कोण राखतो?

आधी स्वतःला तपासा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, आणि तीस सेकंदांत किती वेळा पुरते उभे राहून बसता येते ते मोजा. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला १४ वेळा यावे, पासष्ट ते चौऱ्याहत्तरच्या माणसाला १२. आम्हांला ९ आले.

मग हेच सुरू केले. खुर्चीवरून पाच उठबशा, दम घेऊन पुन्हा पाच, पुन्हा पाच. एक दिवस आड. आठवड्याला एखादी वाढवायची, घाई नाही. महिन्या-दीड महिन्याने दावणीचा खांब धरून अर्ध्या बैठका. जोर एकदम भुईवर काढू नयेत. आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याच्या कडेवर, मग खाली. चूळ भरताना एका पायावर उभे राहायचे, भिंत हाताशी ठेवून. तोल सावरायला याचा फार उपयोग होतो. श्वास कोंडू नका, उठताना सोडा. मांड्या दोन दिवस दुखल्या तर घाबरू नका. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबा. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. आणि ताटात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे हवेत. नुसत्या भाकरी-ठेच्यावर मांडी भरत नाही.

पहिला महिना काहीच फरक वाटला नाही. सोडून द्यावे असेही मनात आले. तिसऱ्या महिन्यात जत्रेच्या पंगतीतून पत्रावळ हातात घेऊन, कोणाचा आधार न घेता उठलो. आता तीस सेकंदांत १५ होतात.

आमची मंडळी हे सारे पाहून तोंडाला पदर लावून हसत असे. परवा तिलाच खुर्चीवर बसवून मोजले. ११ झाले. तिच्या वयाला १२ लागतात असे सांगितले, तर म्हणाली, "पुढच्या सोमवारी मोजा."