उपस्थाता टिकावा कसा?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. पैकी ज्ञान व दक्षता शिकविता येतात, शुचिता सवयीने बाणते. अनुराग मात्र आपल्या वागणुकीतूनच निर्माण होतो. शिकून तयार झालेला माणूस वर्षभरात सोडून जातो, ही तक्रार करताना या चौथ्या गुणाचा विचार आपण क्वचितच करतो.

माणूस जातो तेव्हा नेमके काय जाते? स्नेहपाकाचेच उदाहरण घेऊ. कल्काची वळलेली वात अग्नीवर तडतडली नाही, तैलावर फेस आला, घृतावरचा फेस शमला, ही लक्षणे ग्रंथात आहेत. परंतु मध्यम पाकाचा खरपाक होण्यापूर्वी कढई उतरविण्याचा क्षण भट्टीवरचा जुना कारागीर गंधावरून व झाऱ्याला लागणाऱ्या कल्कावरून ओळखतो. पंचकर्मातही तसेच आहे. परिचारिकेचा हात बदलला की रुग्ण अस्वस्थ होतो.

यासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

वेतन व सुरक्षितता : नेमणूकपत्र लेखी द्यावे आणि वेतन ठरल्या तारखेस व्हावे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस ग्रॅच्युइटीची तरतूद लागू होते. ते देणे औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.

कामाची जागा : औषधनिर्मितीच्या नियमांतील अनुसूची ‘टी’मध्ये स्वच्छ गणवेश, साबण व टॉवेल, कपडे बदलण्याची व सामान ठेवण्याची सोय, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे यांचा उल्लेख आहे. या गोष्टी तपासणीपुरत्या नसाव्यात. भट्टीजवळ धूर निघून जाण्याची व्यवस्था आणि आळीपाळीने विश्रांतीही हवी.

शिक्षण : पुडी बांधणाऱ्या मुलास वनस्पतींची ओळख, पुढे चूर्ण, मग पाक, अशा पायऱ्या ठरवाव्यात आणि प्रत्येक पायरीस वेतनवाढ जोडावी. पुढे वाट दिसत असेल तर माणूस थांबतो.

चुकीची वागणूक : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तैल करपले असता चारचौघांत अपमान होणार, नुकसान पगारातून कापले जाणार, ही भीती असेल, तर कर्मचारी चूक लपवील आणि तेच तैल बाटलीत भरले जाऊन रुग्णापर्यंत पोहोचेल. जो आपण होऊन चूक सांगतो त्यास अभय द्यावे, तो घाणा बाजूला काढावा, नोंद करावी आणि कारण एकत्र बसून शोधावे.

कारागिराचे नाव घेऊन त्याच्या कामाचा रुग्णासमोर उल्लेख करण्यास पैसा लागत नाही. वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी आपल्या वास्तूत हा चौथा गुण जोपासावा, एवढीच विनंती. उपस्थाता टिकला तर औषधाचा दर्जा टिकेल आणि रुग्णाचा विश्वासही.