गटाच्या ईमेलची किल्ली कुणाकडे?

आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता बाहेरगावचा खरेदीदार हळद पावडरची चौकशी करतो, तेव्हा आधी विचारतो, "ताई, तुमचा ईमेल सांगा."

विक्री आठवडी बाजारातच असेल तर जीमेलचा फुकटचा पत्ता पुरतो, उगाच खर्चात पडू नका. पण मोठ्या दुकानांना, कंपन्यांना बिलं पाठवायची तर गटाच्या नावाचा पत्ता बरा. त्यासाठी 'डोमेन', म्हणजे इंटरनेटवरचं नाव घ्यावं लागतं. ते कायमचं मिळत नाही, भाड्यानं मिळतं. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. देवनागरीतलं '.भारत' नाव २०१४ पासून मिळतं, पण ईमेलसाठी इंग्रजी अक्षरांतलंच घ्या. देवनागरी पत्ता अजून सगळीकडे चालत नाही.

खरी मेख पुढे आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा बहुतेकदा स्वतःच्याच मोबाइलवर, स्वतःच्याच ईमेलवर नाव नोंदवतो. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो. भाडं भरायची आठवण त्याला येते, गटाला काहीच कळत नाही. मग ऐन हंगामात पत्ता बंद, आणि खरेदीदाराला वाटतं गटच मोडला. म्हणून नोंदणी गटाच्या नावावर करा. मोबाइल नंबर गटाच्या सिमचा द्या, नाहीतर ओटीपी भलतीकडे जातो. तिथला ईमेल मात्र वेगळा, जीमेलचा द्या. डोमेनवरचाच पत्ता दिला आणि डोमेन बंद पडलं, तर पासवर्ड बदलायची चिठ्ठी त्याच बंद पेटीत पडते!

आता सेटिंग. 'डीएनएस' ही पोस्टमनची वही समजा. त्यातली 'ए' नोंद वेबसाइट कुठे आहे ते सांगते, 'एमएक्स' नोंद टपाल कुठे टाकायचं ते. वेबसाइटवाला बदलला की तो कधी कधी अख्खी वहीच बदलतो. एमएक्स उतरवून घ्यायची राहिली, तर वेबसाइट छान दिसते पण ऑर्डरचे मेल येत नाहीत. त्याला हात लावू देण्याआधी सगळ्या नोंदींचे फोटो काढून ठेवा.

आणखी एक, 'एसपीएफ'. आपल्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाला, ते यात लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्यांकडे ही किंवा 'डीकेआयएम' ही नोंद लागते. नसेल तर आपलं बिल स्पॅममध्ये जाऊ शकतं, परतही येऊ शकतं. दोन्ही करून घ्या.

डोमेनची मुदत, खातं कुठे आहे आणि नोंदणीचा ईमेल हे गटाच्या इतिवृत्तात लिहा. पासवर्ड तिथे नको. तो बंद पाकिटात, अध्यक्ष आणि सचिव दोघींना ठाऊक असलेल्या जागी. पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदला.