पोरांना रानभाजीला न्या, पण ओळख पक्की करून



रेडिओवर सांगितलेलं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं निघून जातं, आणि रानभाजीच्या बाबतीत ते परवडत नाही. म्हणून हे पत्रक. घरात जो कुणी वाचता असेल त्यानं एकदा मोठ्यानं वाचावं आणि मग चुलीजवळ खुंटीला अडकवून ठेवावं.

इगतपुरी म्हणजे पावसाचं माहेर. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रोहिणीचा वळीव पडला की शेवळं जमिनीतून डोकं काढतात, मृगात टाकळा आणि कोळूची भाजी येते, आणि आवणी आटोपते तोवर कुर्डू बांधावर मांडीभर झालेला असतो. याच दिवसांत कणगीतला दाणा तळाला गेलेला असतो आणि हातात पैसा नसतो. आपल्या आज्या-पणज्यांनी आषाढ-श्रावण काढला तो या पाल्याच्या जिवावर. आज रेशनचं धान्य मिळतं, घोटीच्या बाजारात कोबी-फ्लॉवर मिळतो. पण चिखल तुडवून पोरानं स्वतः खुडून आणलेल्या भाजीचं ताटात जे होतं, ते विकतच्या कोबीचं होत नाही. ते पोर ती भाजी खातं, ही गोष्ट काही लहान नाही.

आवणीच्या दिवसांत पोरांना बरोबर न्यावं की घरी ठेवावं, असा सवाल बायामाणसं नेहमी करतात. आमचं म्हणणं, न्यावं. याचं कारण भाजीपेक्षा मोठं आहे. पोर रानात जाणारच. गुरांमागं जाईल, शाळेच्या वाटेनं जाईल, सवंगड्यांबरोबर करवंदाला जाईल. दिसेल ते तोंडात टाकून बघणं हा पोराचा स्वभाव. ज्याला काय खायचं हे कुणी दाखवलेलं नाही, त्याला काय खायचं नाही हेही कुणी दाखवलेलं नसतं. धोका आहे तो तिथंच.

मोगली एरंड आणि कासविंदा

महाराष्ट्रात शाळकरी पोरांना बिया खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या जवळजवळ दर साली येतात, आणि त्यांत बहुतेक वेळा नाव निघतं मोगली एरंडाचं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपण हे झाड कुंपणाला लावतो. पुढं त्याच्या बियांपासून डिझेल होतं म्हणून सरकारी योजनांतूनही ते गावोगाव लावलं गेलं. आतली बी पांढरी, शेंगदाण्यासारखी दिसते आणि चवीला वाईट लागत नाही. एक पोर खातं, त्याचं बघून दहा खातात. घशात जळजळ होते, मग ओकाऱ्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. अंगणवाडीच्या, शाळेच्या किंवा घराच्या अंगाला या झाडाचं कुंपण असेल तर या पावसाळ्यात ते काढा आणि जागी करवंद लावा. करवंदालाही गुरं सहसा शिरत नाहीत, आणि पोरांना फळ मिळतं.

दुसरी गोष्ट टाकळ्याची. टाकळा कोण ओळखत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण टाकळ्याचा एक भाऊबंद आहे, कासविंदा. काही गावांत त्याला रानटाकळा म्हणतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. उत्तर प्रदेशाच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत वर्षानुवर्षं पावसाळा सरता सरता लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. झटके, बेशुद्धी आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. लोक मेंदूज्वर समजत होते. बिजनौरकडच्या डॉक्टरांनी छडा लावला तेव्हा निघालं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवरची कितीतरी मुलं गेली. त्यांतली काही जपानी मेंदूज्वरानं गेली, पण अनेकांच्या मरणाचा संबंध तज्ज्ञांनी याच झाडाच्या बियांशी जोडला.

म्हणून हा फरक पोराच्या हातात दोन्ही डहाळ्या देऊन शिकवा. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात. पान टोकाला रुंद आणि गोल, देठाकडे निमुळतं. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि पानाला टोक. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडेनं फिकट पट्टी असलेली. वासावर जाऊ नका, दोन्ही उग्र वास मारतात. टाकळासुद्धा चार बोटं उंचीचा आहे तोवरच खुडावा. जून पाल्यानं पोट ढळतं. आणि शेंगेतल्या बिया, टाकळ्याच्या असोत की कासविंद्याच्या, पोरांनी तोंडात घालायच्याच नाहीत.

याच यादीत लाल-काळी गुंज, काटेरी बोंडाचा धोत्रा आणि कळलावी. गुंजेच्या माळा पोरी हौसेनं करतात, पण चावून फोडलेली एक गुंजही लहान जिवाला जड जाते. कळलावीचं फूल लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं, म्हणून पोरं तिच्याकडं ओढली जातात. तिच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, तीच खूण. तिचा कंद गोड कंद समजून खाल्ला तर जिवावर बेततं.

आधी थोड्याच भाज्या

एका दिवसात पंधरा नावं सांगितली तर पोराच्या डोक्यात एकही राहत नाही. पहिल्या साली तीनच पुरेत: कुर्डू, टाकळा आणि करटोली. कुर्डूचा कोवळा शेंडा हातानं कटकन मोडतो, म्हणून लहान बोटांना तो बरा. पुढं त्याला पांढरा-गुलाबी तुरा येतो. तुरा आला की भाजी संपली, हे पोराला आपोआप कळतं.

करटोलीचा वेल तर शाळाच आहे. यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फुलाच्या मागं बारीकसं काटेरी फळ दिसलं की मादी, नुसता देठ असला की नर. एवढं दाखवा आणि पोरांना कुंपणावर सोडून द्या, तासभर आवाज येणार नाही. पण त्यांना हेही सांगा की नर वेलाला फळ लागत नाही म्हणून तो उपटायचा नसतो. नराचा पराग नसेल तर मादीचं फळ धरत नाही. आठ-दहा मादी वेलांमागं एक नर लागतो. कंद जमिनीत राहू द्या, पुढच्या पावसाळ्यात तोच वेल पुन्हा येतो. कुंपणाला मुद्दाम लावायची असेल तर बियांपेक्षा कंद लावावा. बी उगवायला फार रुसतं, आणि उगवलं तरी नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही.

कोळूची भाजी, जिला कुणी फोडशी तर कुणी कुलू म्हणतं, ती मोठ्यांनीच काढावी. पात गवतासारखी आहे आणि फुलाआधी दुसऱ्या कंदांच्या पातींत मिसळते. पोरानं जवळ बसून बघावं. बऱ्याच पाड्यांवर पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. ती रीत मोडू नका. त्या निमित्तानं घरातली सगळ्यांत जाणती बाई पहिली भाजी हातात घेऊन बघते, हा फायदा सरळ आहे.

शेवळं शोधायला पोरांची नजर आपल्यापेक्षा तेज. पण शिजवणं जाणत्या बाईचं काम. शेवळांत डोळ्यांना न दिसणारे सुईसारखे बारीक खडे असतात, ते घशात टोचतात, म्हणून खाज सुटते. आतला खालचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा, भाजी पुरती शिजवायची आणि काकडाची फळं, चिंच किंवा आमसूल यांपैकी काही आंबट घालायचं. काकडाशिवाय शेवळं नाहीत असं म्हातारी माणसं म्हणतात ते उगीच नव्हे. कसाऱ्याकडच्या बाया शेवळांच्या जुड्या लोकलनं कल्याण-ठाण्याला नेतात. तिथल्या गिऱ्हाइकाला पाककृती ठाऊक नसते, तेव्हा विकताना जुडीबरोबर काकड द्यावा आणि रीतही सांगावी.

चाईचा मोहर भाद्रपदाकडं येतो. वेलावर चढायचा मोह पोरांना होतो, बुंध्याला काटे असतात. कडूकंद हे पोरांचं काम नव्हेच. तो राखेच्या पाण्यात उकळून, चकत्या रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्याजोगा होतो. बांबूचा कोंबही कच्चा विषारी. भिजवून, उकळून, ते पाणी फेकून मग भाजी. आळिंबीबद्दल एकच सांगतो: पोरांनी तिला हात लावायचा नाही. वारुळावरची आळिंबी ओळखणारं माणूस घरात असेल तर त्यानं आणावी, नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. शिजवल्यानं विषारी आळिंबीचं विष जातंच असं नाही.

बांधावरची फवारणी

हे मात्र आजीला ठाऊक नाही, कारण तिच्या वेळी ते नव्हतं. मजूर मिळेना म्हणून आपण बांधावर तणनाशक मारू लागलो. ग्लायफोसेटसारखं औषध पानातून मुळापर्यंत जातं आणि झाड पिवळं पडायला आठवडाभरही लागतो. म्हणजे फवारणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुर्डू अगदी ताजा, हिरवागार दिसतो, आणि पोर तोच खुडून आणतं. धुऊन ते औषध पानातून निघत नाही. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. तेव्हा फवारलं की बांधाच्या दोन्ही टोकांना लाल फडकं बांधलेली काठी रोवा आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगा. त्या बांधाची भाजी त्या पावसाळ्यात खाऊ नये, असं आमचं मत. खरं तर एक-दोन बांध बिनफवारणीचे राखून ठेवावेत. मजुरी थोडी जाते, पण घरची भाजी तिथंच असते. औषधाचे रिकामे डबे भाजीला वापरणारी घरं अजून आहेत, त्यांना काय म्हणावं!

मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेचा पालाही सोडावा. धूर, तेल सगळं त्यावर बसतं.

जाण्याआधी

अंगभर कपडे, पायात बूट, हातात काठी. झुडपात हात घालण्याआधी काठी घालायची. फुरसं आणि घोणस पावसाळ्यात पाल्याखाली असतात. ओहोळाला पाणी चढलं असेल तर पलीकडची भाजी पलीकडंच राहू द्या. विजा चमकू लागल्या की झाडाखाली थांबायचं नाही. आणि रानात असताना कुणीही काही चाखायचं नाही. टोपलीतलं सगळं घरी ओट्यावर पसरायचं, आजीनं किंवा आईनं एक-एक पान बघायचं, मग चूल. पोराला विचारा, हे काय? चुकलं तर हसू नका, हसलं की पुढच्या वेळी ते विचारत नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. गावठी बियाणं राखलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशी जाणती बाई तुमच्या पाड्यावरही एखादी असेल. ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथं तिला आणि पोरांना दोघांनाही न्या.

पोरानं काही भलतं खाल्लं तर मीठ-पाणी पाजून ओकवू नका, तूप-दूध पाजू नका. तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा. गुंगी असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा किंवा गाडी मिळेल तसं दवाखान्यात न्या, आणि जे खाल्लं त्याची डहाळी, शेंग, बी सगळं बरोबर घ्या. डॉक्टरांना नाव सांगून भागत नाही, कारण एकाच झाडाला प्रत्येक गावात वेगळं नाव.

त्याच नावांबद्दल एक विनंती. तुमच्या पाड्यावर कासविंद्याला काय म्हणतात, मोगली एरंडाला काय म्हणतात, ते पोस्टकार्डावर कळवा. पान कसं, शेंग कशी, हेही लिहा. आलेली नावं कार्यक्रमात वाचून दाखवू.