जॉन म्यूर ट्रेलवरील विनासाहाय्य वेगविक्रमांचा मागोवा

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाणारी ‘जॉन म्यूर ट्रेल’ ही सुमारे ३४० किलोमीटर लांबीची पायवाट योसेमिटी खोऱ्यातील हॅपी आइल्स येथे सुरू होऊन ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या शिखरावर संपते. शिखरापर्यंत मोटाररस्ता नसल्याने वेगविक्रमाची वेळ मात्र आणखी सुमारे १७ किलोमीटर उतरून व्हिटनी पोर्टल येथे पोहोचल्यावरच पूर्ण झाली असे मानले जाते. १९१५ मध्ये बांधणीस आरंभ झालेल्या या वाटेचा ‘गोल्डन स्टेअरकेस’ नावाचा शेवटचा टप्पा, म्हणजे मॅथर खिंडीखालच्या कड्यात खोदून काढलेली नागमोडी चढण, १९३८ मध्ये पुरा झाला. सर्वसाधारण पदयात्री ही वाट दोन ते तीन आठवड्यांत चालतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तीच वाट तीन-साडेतीन दिवसांत पार करणारे लोक निघाले आणि त्यांतील काहींनी तर कोणाच्याही मदतीवाचून ती पार केली.

या विक्रमांना ‘फास्टेस्ट नोन टाइम’, अर्थात आजवर ज्ञात असलेली सर्वांत जलद वेळ, असे म्हणतात. पायवाटेवर ना पंच असतो ना आरंभरेषा, त्यामुळे नोंद खरी मानावी की नाही हे चालणाऱ्याने ठेवलेल्या वेळापत्रकावर, छायाचित्रांवर आणि पुढे उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या मार्गनोंदीवर ठरते. बझ बरेल आणि पीटर बेकविन या दोघांनी २००० साली याच वाटेवर केलेल्या प्रयत्नाच्या सुमारास ही संज्ञा रूढ होऊ लागली आणि तिच्यामागोमाग नियमांचीही घडी बसत गेली. मदतीच्या प्रमाणानुसार प्रयत्नांचे तीन वर्ग पडले. ‘साहाय्ययुक्त’ प्रयत्नात मदतनीसांचा चमू अन्न, कपडे, बूट ठिकठिकाणी पोहोचवतो आणि सोबतीला धावणारेही असतात; ‘स्वावलंबी’ प्रयत्नात टपालाने पाठवलेले पार्सल, वाटेवरचे दुकान अशा, कोणाही पदयात्रीस उपलब्ध असलेल्या सोयी तेवढ्या वापरता येतात; तर ‘विनासाहाय्य’ प्रयत्नात लागणारी प्रत्येक वस्तू पहिल्या पावलापासून पाठीवर वाहावी लागते आणि वाटेत नैसर्गिक पाण्याखेरीज काहीही घेता येत नाही.

शेवटचा वर्ग नैतिकदृष्ट्या अधिक शुद्ध आहे, असा एक सूर या क्षेत्रातील लिखाणात वारंवार आढळतो. तो पटण्याजोगा नाही, कारण विनासाहाय्य प्रयत्न शक्य आहे की नाही, आणि असल्यास त्याची किंमत किती, हे मुळात भूगोल ठरवतो. सिएरात बर्फ वितळून वाहणारे ओढे आणि तळी पावलोपावली असल्याने पाण्याचे ओझे जवळजवळ नसते. उरतो तो अन्नाच्या वजनाचा प्रश्न. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे नऊ, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थातून सुमारे चार किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे सॅकमध्ये सुकामेवा, तेल आणि चॉकलेट यांना जागा मिळते. तरीही खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या निम्मे अन्न नेणेही जड जाते आणि उरलेली तूट शरीरातील चरबीने भरून काढावी लागते. त्यात या वाटेच्या बऱ्याच भागात अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या टणक डब्यात ठेवणे वन्यक्षेत्राच्या नियमांनी बंधनकारक केले आहे, आणि हा सुमारे किलोभर वजनाचा डबा शेवटचा घास संपल्यावरही टाकून देता येत नाही. म्हणून कपात होते ती झोपेत आणि उबेत: तंबू नेला जात नाही, स्लीपिंग बॅग नेलीच तर पातळ असते, आणि तीन हजार मीटरवरील रात्री तापमान ऑगस्टातही गोठणबिंदूजवळ जात असल्याने झोपण्यापेक्षा चालत राहणेच अंगाला सोसवते.

दिशेचा प्रश्नही याच ओझ्याशी निगडित आहे. उत्तरेकडून निघाल्यास आरंभ १,२०० मीटरच्या आसपास होतो, विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो आणि ४,००० मीटरहून उंच असलेल्या फॉरेस्टर खिंडीपर्यंत येताना सॅक जवळजवळ रिकामी झालेली असते. दक्षिणेकडून निघणाऱ्यास मात्र भरल्या सॅकसह पहिल्याच चढणीत व्हिटनी गाठावे लागते.

या वाटेचे आणखी एक वैशिष्ट्य विक्रमांच्या इतिहासात निर्णायक ठरले. उत्तरेकडील भागात असलेल्या रेड्स मेडो या ठिकाणाच्या दक्षिणेस ती एकाही मोटाररस्त्याला छेदत नाही, त्यामुळे साहाय्ययुक्त प्रयत्नातील मदतनीसांनाही आडवाटेच्या उंच खिंडी ओलांडून, पाठीवर सामान घेऊन आत शिरावे लागते आणि मदत मोजक्याच ठिकाणी मिळू शकते. २००७ मध्ये स्यू जॉन्स्टन यांनी साहाय्यासह ३ दिवस २० तासांची वेळ नोंदवली. ती स्त्री-पुरुष मिळून त्या वेळची सर्वांत जलद नोंद होती. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रेट मॉन यांनी कोणतीही मदत न घेता ३ दिवस १४ तास १३ मिनिटांत ही वाट पूर्ण केली, म्हणजे साहाय्ययुक्त वेळेपेक्षाही पावणेसहा तासांहून अधिक कमी वेळ घेतला. टेनेसीतील ‘बार्कली मॅरेथॉन्स’ ही बहुतेकांना पूर्णच न करता येणारी शर्यत पुढे २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा जिंकणाऱ्या या मनुष्याची कुवत असामान्य होती यात शंका नाही. परंतु मदत तुरळक असलेल्या वाटेवर तिच्यासाठी ठरल्या जागी, ठरल्या वेळी पोहोचण्याचे बंधन नसणे हाही एक लाभ असतो, हे या नोंदीचा विचार करताना सहसा लक्षात घेतले जात नाही.

पुढील काळात दोन्ही वर्गांत चुरस वाढली. २०१३ मध्ये हॅल कर्नर आणि माइक वुल्फ यांनी साहाय्यासह ३ दिवस १२ तास ४१ मिनिटे अशी वेळ दिली, म्हणजे मॉन यांच्या एकट्याने केलेल्या नोंदीपेक्षा जेमतेम दीड तास कमी. २०१४ मध्ये लिओर पँटिलाट यांनी साहाय्ययुक्त वेळ ३ दिवस ७ तास ३६ मिनिटांवर आणली, तर त्याच वर्षी अँड्र्यू बेंट्झ यांनी विनासाहाय्य ३ दिवस १० तास ५९ मिनिटांची नोंद केली. २०१७ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या फ्रान्स्वा द’एन यांनी सोबत्यांच्या मदतीने २ दिवस १९ तास २६ मिनिटांत वाट पार केली आणि पुढच्याच वर्षी त्यांचेच देशबांधव ऑरेलियँ सांशेझ यांची विनासाहाय्य वेळ ३ दिवस ३ तास ५५ मिनिटे झाली. दोहोंमध्ये साडेआठ तासांचे अंतर पडले. मदतनीसांचा चमू पुरेसा तयारीचा असेल तर रस्ते नसलेल्या वाटेवरही साहाय्याचा लाभ किती वाढवता येतो, हे त्यावरून दिसते.

अमेरिकेच्या पूर्वेकडील सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अॅपलाशियन ट्रेलवर मात्र हे गणित लागूच पडत नाही. दिवसाला एक किलो अन्न धरले तरी दीड महिन्याचा शिधा ४५ किलो होतो, आणि तो वाहत वेगविक्रम करणे अशक्यप्राय असल्याने तेथे खरी स्पर्धा स्वावलंबी आणि साहाय्ययुक्त यांच्यातच राहिली. ही वाट ठिकठिकाणी रस्त्यांना छेदते, म्हणून मोटारीतून पुढे जाऊन वाट पाहणारा चमू तेथे फार मोठे बळ ठरतो. स्वावलंबी पदयात्रीला मात्र पार्सलसाठी वाट सोडून गावात उतरावे लागते आणि टपाल कार्यालय बंद असेल तर उघडेपर्यंत ताटकळावे लागते. असे असूनही २०१७ मध्ये जो मॅकॉनही यांनी स्वावलंबी पद्धतीने ४५ दिवस १२ तास १५ मिनिटांत ती पूर्ण करून कार्ल मेल्ट्झर यांची आदल्या वर्षीची ४५ दिवस २२ तास ३८ मिनिटांची साहाय्ययुक्त नोंद मागे टाकली. ही सरशी वर्षभरही टिकली नाही: २०१८ मध्ये बेल्जियमचे कारेल साबे यांनी साहाय्यासह ४१ दिवस ७ तास ३९ मिनिटे अशी वेळ दिली आणि २०२४ मध्ये तारा डाउअर यांनी, तीही साहाय्यासहच, ४१ दिवसांच्या आत ही वाट पार केली.